फुटण्याआधी धुमसणारे तारे

२०२० सालचा फेब्रुवारी. आमच्या दारव्ह्याकडच्या गावात तेव्हा शेतीची थ्री-फेज लाइन रात्री यायची, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायचं तर जेवण उरकून वावरात जावं लागे. मी आणि माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, धुऱ्यावर शेकोटी करून बसलो होतो. मोटर चालू होती, आणि रानडुकरांसाठी अधूनमधून टॉर्च फिरवणं चाललं होतं. मृग नक्षत्र माथ्यावरून पश्चिमेकडे कललं होतं. मोठेबाबा बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले,

“बापू, त्या हरनाचा एक पाय लंगडा झाला का रे? दोनी पाय सारकेच दिसून रायले.”

मृग म्हणजे आपल्याकडे हरीण. चार कोपऱ्यांतले चार तारे हे त्याचे पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्यालाच जुनी माणसं तिकांडं म्हणतात, आणि मागून तो बाण मारणारा व्याध. उत्तरेकडच्या दोन पायांपैकी एक तांबूस आहे आणि नेहमी दुसऱ्यापेक्षा बराच ठळक असतो. त्याचं नाव काक्षी. आर्द्रा नक्षत्राचा मुख्य तारा हाच. मृग कोरडा गेला की आपण ज्या आर्द्राची वाट पाहतो, तीच ही आर्द्रा. २१-२२ जूनला सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो, तेव्हा तो या ताऱ्याच्या अगदी उत्तरेला उभा असतो. म्हणून ज्याच्या नावावर आपण पेरणी करतो तो तारा पेरणीच्या दिवसांत दिसतच नाही. तो दिसतो गव्हा-हरभऱ्याला पाणी देण्याच्या रात्रींत.

त्या हिवाळ्यात काक्षी खरोखरच मंदावला होता. २०१९ च्या शेवटी उतरण सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो इतका फिका पडला, की शेजारच्या पायाएवढाच दिसू लागला. जगभरच्या वेधशाळा यंत्रं लावून हेच मोजत होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं ते धुऱ्यावर बसून नुसत्या डोळ्यांनी टिपलं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

“पेपरात तं आलं, तो फुटनार म्हनून. खरं हाय का?”

तेव्हा मी जे सांगितलं ते अर्धंच होतं. पूर्ण सांगायला मला बरंच वाचावं लागलं.

आधी काक्षीचं. तो फुटणार हे नक्की, पण आजच्या समजुतीप्रमाणे त्याच्या पोटात अजून हेलियम जळतंय, म्हणजे लाखभर वर्षांचा अवधी असू शकतो. फुटेल तेव्हा अर्ध्या चंद्राइतका उजेड पडेल आणि तो दिवसाही दिसेल. अंतर साधारण ५५० ते ७०० प्रकाशवर्षं असल्यामुळे आपल्याला, आपल्या पिकाला, जनावराला त्याचा काही त्रास नाही. २०२० मधलं मंदावणं वेगळंच निघालं. २०१९ मध्ये ताऱ्यानं आपल्या पृष्ठभागावरचा वायूचा एक मोठा लोट बाहेर फेकला. तो दूर जाऊन थंड झाला, त्याची धूळ बनली आणि त्या धुळीनं ताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग आपल्यापासून झाकला. चुलीतला विस्तव कमी झाला नव्हता, मध्ये धूर आला होता.

पण यातून पुढचा प्रश्न निघतो आणि तो फार मोलाचा आहे. तारा मरण्याआधी अंग टाकतो का? काही खूण देतो का?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत याचं पुस्तकी उत्तर ‘नाही’ असं होतं. त्यामागचं कारणही पटण्यासारखं होतं. ताऱ्याच्या पोटात शेवटी ज्या घडामोडी होतात त्या इतक्या झटपट होतात, की तिथली उष्णता झिरपत बाहेर यायच्या आतच सगळं संपतं. घराच्या आतल्या खोलीत आग लागावी आणि ओसरीवरच्या माणसाला पत्ताही नसावा, तसं. हे नीट कळायला ताऱ्याचं आयुष्य कसं जातं ते आधी पाहू.

तारा म्हणजे वायूचा प्रचंड गोळा. स्वतःच्या वजनानं तो सतत आत दबत असतो आणि पोटातल्या उष्णतेचा दाब त्याला बाहेर रेटत असतो. या ओढाताणीत तो तग धरतो. उष्णता येते अणूंची केंद्रकं एकत्र येण्यातून. आधी हायड्रोजनचं हेलियम होतं. हायड्रोजन संपला की पोट आकसतं, तापतं आणि हेलियम पेटतो. मग कार्बन, निऑन, ऑक्सिजन आणि शेवटी सिलिकॉन. दर वेळी आधीच्या विस्तवाची राख पुढच्या विस्तवाचं सरपण होते.

सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाच्या ताऱ्याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, हेलियम पाच-सात लाख वर्षं, कार्बन सुमारे ६०० वर्षं, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने आणि सिलिकॉन अवघा एक दिवस. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत धरतात. हायड्रोजनचं काम असं एक साल चाललं असं मानलं, तर हेलियमला महिनाभर मिळतो, कार्बनला पाऊण तास, निऑनला साडेचार सेकंद, ऑक्सिजनला सव्वादोन सेकंद, आणि सिलिकॉन पापणी लवायच्या आत संपतो.

इतकी घाई का, असं मला बरीच वर्षं वाटत असे. उत्तर न्यूट्रिनो नावाच्या कणांत आहे. कार्बन पेटल्यानंतर पोट इतकं तापतं, की तिथली बहुतेक ऊर्जा न्यूट्रिनोंच्या रूपात निघून जाते. हे कण कशालाच अडत नाहीत, सगळा तारा आरपार भेदून निघून जातात. फुटलेल्या पाटातून पाणी वाहून जावं आणि वाफ्यापर्यंत थेंबभर पोचावं, म्हणून मोटर अधिकाधिक जोरानं चालवत राहावी लागावी, तशी ताऱ्याची गत होते. सरपण भराभर संपतं. शेवटी उरतं लोखंड, आणि लोखंडातून ऊर्जा काढता येत नाही. मग आधार सुटतो. पृथ्वीएवढा लोखंडी गाभा सेकंदभराच्या आत काही दहा किलोमीटरपर्यंत कोसळतो, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर बनतं, आणि वरचे थर उधळले जातात. हाच अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा.

१९८७ मध्ये मोठा मॅगेलनी मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, म्हणजे आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहात, असा तारा फुटला तेव्हा पृथ्वीवरच्या उपकरणांनी सुमारे पंचवीस न्यूट्रिनो टिपले, आणि तेही उजेड दिसण्याच्या दोन-तीन तास आधी. खात्रीची म्हणावी अशी आगाऊ खूण तोवर मिळाली ती एवढीच. तीही घटना घडून गेल्यावर नोंदींत सापडली.

आता २००४ सालात जाऊ. जपानमधल्या यामागाता इथले कोइची इतागाकी हे हौशी निरीक्षक. पोटापाण्यासाठी ते खगोलशास्त्र करत नाहीत. स्वतःच्या वेधशाळेतून रात्रीमागून रात्री त्याच त्याच दीर्घिकांचे फोटो घेत राहायचं आणि कुठे नवा ठिपका आला का ते बघायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्यांच्या नावावर दीडशेहून जास्त अतिनवतारे आहेत. ऑक्टोबर २००४ मध्ये सात-आठ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेत त्यांना एक फिका ठिपका दिसला. काही दिवसांत तो विझला आणि कुणी फारशी दखल घेतली नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये इतागाकींनाच त्याच जागी अतिनवतारा दिसला. त्याचं नाव एसएन २००६जेसी. एसएन म्हणजे सुपरनोव्हा, आणि पुढे तो दिसला ते वर्ष.

जुने फोटो नव्या फोटोंवर ठेवून जुळवले तेव्हा दोन्ही ठिपके एकाच जागी बसले. म्हणजे ताऱ्यानं मरण्याच्या दोन वर्षं आधी एकदा उसळी घेतली होती. एखाद्या ताऱ्याची मरणापूर्वीची उसळी आणि नंतरचं मरण, दोन्ही नोंदले जाण्याची ही पहिली स्पष्ट वेळ. एका माणसानं दोन वर्षं एकाच धुऱ्यावर जागल केली म्हणून हे घडलं, असं मला वाटतं. मोठ्या दुर्बिणी तेव्हाही होत्या, पण त्या रात्री त्या दुसरीकडे पाहत होत्या.

उसळी म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं तर आपल्याच आकाशगंगेत एक नामांकित तारा आहे. इटा करायनी. आपण ज्याला अगस्ती म्हणतो त्याच्याच तारकासमूहात, पण अधिक दक्षिणेला. अंतर सुमारे ७,५०० प्रकाशवर्षं. डिसेंबर १८३७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केपहून आकाश पाहणाऱ्या जॉन हर्षेल यांना तो एकाएकी ठळक झालेला दिसला. १८४३ च्या मार्चमध्ये तर व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच होता. त्यानंतर काही वर्षांत तो इतका फिका झाला, की नुसत्या डोळ्यांना दिसेना.

त्या वीसेक वर्षांत त्यानं आपल्या अंगावरचा किमान दहा सूर्यांएवढा माल बाहेर टाकला. दहा सूर्य! आणि तरी तो मेला नाही. आज हबल दुर्बिणीच्या चित्रांत त्या मालाचे दोन फुगे दिसतात, हुबेहूब डमरूसारखे, आणि मध्ये तारा. फुगे अजूनही सेकंदाला सहाशे किलोमीटरहून अधिक वेगानं पसरताहेत. आतमध्ये खरं तर दोन तारे आहेत. थोरला सूर्याच्या सुमारे शंभरपट, धाकटा साडेपाच वर्षांत त्याला एक फेरी घालतो.

आपल्याकडून तो दिसू शकतो. एप्रिलच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा आणि हात लांब करून क्षितिजावर एक मूठ धरा. मुठीच्या वरच्या कडेजवळ तो असतो. उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत इतक्या खाली नुसत्या डोळ्यांनी काही ठरत नाही, साधी दुर्बीण हवी आणि दक्षिणेला टेकडी किंवा गावचे दिवे नकोत. २०२४ च्या जानेवारीत नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, ती अशाच काळोखासाठी. तिथे आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे बसवले. हे काम मला एखाद्या धरणाइतकं महत्त्वाचं वाटतं.

इटा करायनीसारख्या उसळीला दुरून पाहिलं तर ती अतिनवताऱ्यासारखीच वाटते. म्हणून अशांना तोतया अतिनवतारे म्हणतात. आपल्या भागात हा अनुभव ताजा आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेनं गेले. कुणी उल्का म्हणालं, कुणी तारा तुटला म्हणालं, आमच्या गावात तर विमान पेटलं अशी हाकाटी झाली. थोड्या वेळानं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत जवळजवळ तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा असा निष्कर्ष निघाला. आकाशात काय दिसलं एवढ्यावरून ते काय होतं हे ठरत नाही, मागे काय उरलं ते पाहावं लागतं. ताऱ्यांचंही तसंच. उसळी ओसरल्यावर तारा जागेवर असेल तर तो तोतया, आणि तारा नाहीसा झाला असेल तर खरा अतिनवतारा.

या कसोटीचा सर्वांत छळणारा प्रसंग म्हणजे एसएन २००९आयपी. २००९ च्या ऑगस्टमध्ये तो दिसला, अतिनवतारा म्हणून नावही मिळालं. मग तो मंदावला, पुन्हा उसळला, आणि तोतया ठरला. २०१० आणि २०११ मध्ये पुन्हा उसळ्या. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक, आणि सप्टेंबरच्या शेवटी मात्र असा भडका, की आधीच्या सगळ्या उसळ्या त्यापुढे काहीच नव्हत्या. मेला की नाही यावर बरीच वर्षं शास्त्रज्ञांत दोन तट होते. शेवटी हबलनं दहाएक वर्षांनी त्या जागेकडे पाहिलं, तर तिथला उजेड मूळ ताऱ्याच्याही खाली उतरला होता. तारा गेला होता. नाव देणाऱ्यांचा पहिला अंदाज तीन वर्षं आधीच बरोबर ठरला, असंच म्हणा.

आता या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग. आधी टाकलेला माल नंतरच्या स्फोटाचं रूपच बदलून टाकतो.

अतिनवताऱ्याच्या ऊर्जेचा हिशेब चमत्कारिक आहे. शंभरातले नव्याण्णव भाग न्यूट्रिनो घेऊन जातात. उरलेला एक भाग मुख्यतः उधळलेल्या मालाच्या वेगात जातो. आणि त्या एका भागाचाही जेमतेम शंभरावा हिस्सा आपल्याला दिसणारा उजेड होतो. म्हणजे एवढा झगमगाट हा प्रत्यक्षात सांडलवंड आहे, खरी ताकद धावण्यात आहे. ती धाव कशावर आदळली नाही तर उजेड न होता तशीच पसरत जाते. पण वाटेत भिंत असली तर? लोहार थंड लोखंडावर घण घालत राहिला तर नुसत्या घावांनी ते तापतं, कारण घणाची धाव तिथे अडते आणि उष्णता होते. ताऱ्यानं काही वर्षं आधी टाकलेला वायू ही ऐरण आहे. मागून सेकंदाला दहा हजार किलोमीटरनं येणारा माल तिच्यावर घणासारखा बसतो आणि वेगाचं रूपांतर उजेडात होतं. धावण्यातल्या ऊर्जेचा दहावा भाग जरी असा पकडला गेला, तरी अतिनवतारा नेहमीपेक्षा दहापट तेजस्वी होतो. २००६ मध्ये सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर दिसलेल्या एसएन २००६जीवायनं नेहमीच्या स्फोटाच्या शंभरपट ऊर्जा उजेडात ओतली. तो नेमका कुठल्या जातीचा तारा होता यावर वाद झाले, पण भोवती दाट माल होता आणि टक्कर त्याच्याशीच झाली, यावर सगळे जवळपास एकमत आहेत.

यातून एक सुरेख हिशेब करता येतो. समजा एक माणूस सकाळी पायी निघाला आणि दुपारी त्याचा भाऊ मोटरसायकलवर मागून सुटला. दोघांची गाठ कुठे पडली ते कळलं, तर पहिला किती वाजता निघाला होता ते काढता येतं. ताऱ्यानं दोन वर्षं आधी सेकंदाला हजार किलोमीटरनं माल सोडला आणि स्फोट दहा हजारांनी मागे लागला, तर साधारण ८० दिवसांत गाठ पडते. म्हणून एखादा अतिनवतारा स्फोटानंतर अडीच-तीन महिन्यांनी अवचित उजळला, तर आधीची उसळी केव्हा झाली याचा माग लागतो. उसळी कुणी पाहिलेली नसली तरी.

भोवती माल आहे हे कळतं वर्णपटावरून. उजेडाचे रंग वेगळे केले की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या जागी रेषा दिसतात. रेषेची रुंदी वेग सांगते. मूर्तिजापूर स्टेशनवर हे कानांनी शिकता येत असे. मोठ्या लाइनवरची एक्स्प्रेस न थांबता शिट्टी मारत गेली की येताना सूर चढा आणि जाताना एकदम उतरलेला. आणि यवतमाळहून येणारी आमची छोट्या लाइनवरची गाडी, शकुंतला, इतकी सावकाश यायची, की तिच्या शिट्टीचा सूर येताना-जाताना जवळजवळ एकच. स्फोटातला वायू सर्व दिशांना एक्स्प्रेसच्या वेगानं उधळतो. काही आपल्याकडे येतो, काही दूर जातो, सगळे सूर मिसळतात आणि रेषा पसरट होते. आधी टाकलेला वायू शकुंतलेसारखा, म्हणून त्याची रेषा बारीक आणि ठळक. अशा बारीक रेषा हायड्रोजनच्या असल्या तर त्या अतिनवताऱ्याला टाइप टू-एन म्हणतात, हेलियमच्या असल्या तर टाइप वन-बी-एन. शेवटच्या ‘एन’चा अर्थ बारीक रेषा एवढाच. इतागाकींचा २००६जेसी हा हेलियमवाल्यांतला.

काही तारे तर सोलत सोलत फार आत पोचतात. सप्टेंबर २०२१ मध्ये २२० कोटी प्रकाशवर्षांवर दिसलेला एसएन २०२१वायएफजे हा असा. त्याच्या बारीक रेषा सिलिकॉन, गंधक आणि आरगॉनच्या निघाल्या. हे थर लोखंडी गाभ्याच्या जवळचे. सालगड्याच्या हिशेबात जे पापणी लवण्याइतक्या काळात घडतं त्याच्या आसपासचा माल तारा फुटण्याआधीच बाहेर पडला होता. कांद्याचे सगळे पापुद्रे काढून आतला कोंब उघडा पडावा तसं. कांद्यासारखी थरांची रचना ताऱ्यात असते असं आपण पुस्तकांतून शिकवत आलो, ती इतक्या आतपर्यंत प्रत्यक्ष दिसली ती या ताऱ्यामुळे.

आणि एक तारा असा, की त्याच्यावर लिहिताना माझा हात थांबतो. आयपीटीएफ१४एचएलएस. सप्टेंबर २०१४ मध्ये सापडला तेव्हा अगदी सामान्य अतिनवतारा वाटला. सामान्य अतिनवतारा शंभरेक दिवसांत उतरतो. हा उतरला, पुन्हा चढला. किमान पाच वेळा चढउतार झाले आणि सहाशेहून जास्त दिवस तो जळत राहिला. सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या त्याच जागेचे जुने फोटो काढले, तर कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या १९५४ च्या फोटोच्या काचेवर तिथे एक ठिपका होता. १९९३ च्या फोटोत नव्हता. साठ वर्षांपूर्वीची उसळी असावी. त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण अजून झालेलं नाही.

मोठेबाबांना हे सगळं मी पुढे एकदा सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “दूध उतू जाते तं चुलीत जाळ वाढते म्हनून. त्या ताऱ्यात जाळ कोन वाढवते?”

नेमका हाच प्रश्न जगभर चर्चेत आहे, आणि त्याची उत्तरं एकाहून जास्त आहेत.

एक तर उजेडालाही धक्का असतो. आपल्याला तो जाणवत नाही, कारण तो फार क्षीण असतो. पण सूर्याच्या लाखो पट तेजस्वी ताऱ्यात हा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास पोचतो. ही मर्यादा आर्थर एडिंग्टन यांनी मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. इटा करायनीसारखे तारे तिच्या काठावर जगतात. थोडं काही बिनसलं की वरचा थर सुटतो. दुधाची साय जशी पातेल्याच्या काठावर थरथरत असते तसे.

दुसरं उत्तर मोठेबाबांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातं. २०१२ मध्ये एलियट क्वाटर्ट आणि जॉश शिओड या शास्त्रज्ञांनी ते मांडलं. निऑन आणि ऑक्सिजन जळत असतात त्या शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत पोटातला जाळ पृष्ठभागावरच्या उजेडाच्या हजारो पट असतो. बहुतेक न्यूट्रिनो नेतात हे खरं, पण पोटात वायू प्रचंड खळखळत असतो. त्या खळखळीतून लाटा उठतात. उष्णतेला झिरपत वर यायला फार वेळ लागतो, लाटा मात्र झपाट्यानं वर पोचतात. भाजी तळाशी रटरटत असते आणि वर झाकण थडथडतं, तसं. एकूण जाळाचा अगदी थोडा हिस्सा जरी या लाटांनी वर आणून टाकला, तरी बाहेरचे सैल थर उडवायला तो पुरतो. ओसरीवरच्या माणसाला आगीची खबर लागू शकते, ती अशी. आणि उसळी मरणाच्या इतकी जवळच का येते, हेही यातून आपोआप सुटतं. म्हणून मला हे उत्तर सर्वांत आवडतं, जरी सगळ्या ताऱ्यांना ते लागू पडत नसलं तरी.

तिसरं उत्तर फक्त फार मोठ्यांसाठी आहे, सूर्याच्या शंभरेक पटींच्या आसपास जन्मलेल्यांसाठी. त्यांचं पोट इतकं तापतं, की तिथला उजेडच पदार्थात बदलू लागतो, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन, म्हणजे त्याचाच उलट विद्युतभाराचा जुळा कण, यांच्या जोड्या तयार होतात. जो उजेड दाब देऊन छत पेलत होता तोच नाहीसा होतो. पोट खचतं, ऑक्सिजन एकदम पेटतो, भडका उडतो, वरचे थर जातात आणि तारा पुन्हा सावरतो. काही वर्षांनी किंवा शतकांनी पुन्हा तेच. आयपीटीएफ१४एचएलएससाठी ही कल्पना सुचवली गेली ती यासाठीच. शिवाय जोडीदार ताऱ्याचा हात असतो. मोठ्या ताऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त तारे इतक्या जवळच्या जोडीत राहतात, की एक दुसऱ्याचा माल ओढतो, कधी दोघे एकमेकांत मिसळतात. इटा करायनीची उसळी अशाच एखाद्या मिसळण्यातून झाली असावी असं बरेच जण मानतात.

काक्षीसारखे तांबडे महाराक्षसी तारे या कथेत कुठे बसतात? बराच काळ वाटत होतं की ते शांतपणे जातात. २०२० मध्ये १२ कोटी प्रकाशवर्षांवरचा असा एक तारा फुटण्याआधी सुमारे १३० दिवस अधिक उजळलेला सापडला. तो होता सूर्याच्या दहा-बारा पटींचा, म्हणजे फार थोर नव्हे. त्याचं नाव एसएन २०२०टीएलएफ. मग १९ मे २०२३ ला सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एम१०१ दीर्घिकेत, सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवर, अतिनवतारा दिसला. शोधणारे पुन्हा इतागाकीच. एसएन २०२३आयएक्सएफ इतका जवळचा, की गावातल्या हौशी दुर्बिणीलाही फोटो घेता आला. लडाखमधल्या हॅनले इथली दोन मीटरची हिमालयीन चंद्र दुर्बीण आणि आपला अॅस्ट्रोसॅट उपग्रह, दोन्ही त्याच्याकडे वळले. पहिल्या काही दिवसांत बारीक रेषा दिसल्या आणि आठवड्याच्या आसपास पुसट झाल्या. म्हणजे भोवती दाट पण आटोपशीर माल होता, शेवटच्या काही वर्षांत टाकलेला, आणि स्फोटानं तो झटकन गिळला. जुन्या फोटोंत मात्र मोठी उसळी कुठेच दिसली नाही. दिसला तो धुळीत गुरफटलेला, सुमारे हजार दिवसांच्या तालात फुगणारा-आकसणारा तांबडा तारा. तो उसळला नाही, धुमसत राहिला.

टकरीचा पुढचा भाग डोळ्यांना दिसत नाही, तो रेडिओ लहरींत ऐकू येतो. त्यासाठी नारायणगावजवळच्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची दुर्बीण, जीएमआरटी, कामाची आहे. उधळलेला माल जुन्या मालावर आदळत जातो तसतशा रेडिओ लहरी निघत राहतात, वर्षानुवर्षं. उजेड विझल्यावरही. एखादा तारा मरणाआधीच्या शतकभरात कसा वागला याची वही त्यातून वाचता येते.

आणि आता चिलीमध्ये व्हेरा रुबिन वेधशाळा सुरू झाली आहे. साडेआठ मीटरच्या जवळपास आरसा, ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. २०२५ च्या जूनमध्ये तिची पहिली चित्रं आली. दर काही रात्रींनी दक्षिणेकडचं सगळं आकाश, दहा वर्षं. जे इतागाकींनी एकट्यानं केलं ते एवढ्या मोठ्या प्रमाणावर होणार आहे. एखादा तारा फुटला की त्याची मागची सगळी वर्षं फोटोंत तयार असतील.

मोठेबाबा आता थकले आहेत, वावरात रात्री जात नाहीत. पण पौषात ओट्यावर बाज टाकून बसतात आणि मी घरी गेलो की आधी आर्द्राची चौकशी होते. मी त्यांना एक पद्धत सांगितली आहे, ती कुणालाही जमेल. मृगाचे उत्तरेकडचे दोन पाय पाहायचे, मग वरच्या बाजूला तांबूस रोहिणी. काक्षी रोहिणीपेक्षा ठळक असेल तर सगळं नेहमीसारखं. रोहिणीएवढा असेल तर उतरलाय. शेजारच्या पायाएवढा झाला तर २०२० पुन्हा आलं. नातवाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि तीनपैकी एक खूण, एवढंच ते लिहितात. अमावास्येच्या आसपासच्या रात्री सहसा चुकत नाहीत. गेल्या खेपेला वही पाहिली तर सगळ्या खुणा सारख्याच होत्या, रोहिणीहून ठळक. एका रात्रीपुढे मात्र खूण नव्हती, नुसतं लिहिलं होतं, ‘धुकं’.